'थिंग' : सभेपासून वस्तूपर्यंत

१

इंग्रजी भाषेचा अभ्यास करणाऱ्यास ज्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावासा सहसा वाटत नाही, असा एक शब्द 'थिंग' हा होय. तो इतका परिचित आहे की, त्याला इतिहास असेल अशी शंकाही मनात येत नाही. मात्र त्याच्या प्रयोगांची मोजदाद करू लागले म्हणजे त्याचा पसारा ध्यानात येतो. टेबलावरील दौत ही 'थिंग' आहे, काल घडलेली घटना 'थिंग' आहे, मनात आलेला विचारही 'थिंग'च. अनेकवचनात त्याचा अर्थ कधी कपडेलत्ते व सामानसुमान असा होतो, तर कधी एकंदर परिस्थिती असा. दया दाखवावयाची असता बालकास किंवा पशूस 'पुअर थिंग' म्हणतात. तिरस्कार दाखवावयाचा असता माणसासही नुसते 'थिंग' म्हणतात. अडचण सांगण्यापूर्वी बोलणारा 'द थिंग इज' अशी प्रस्तावना करतो. एखाद्या वस्तूचे नाव ऐन वेळी आठवले नाही, तर 'थिंगमी', 'थिंगमजिग' असले शेपूट लावलेले शब्द मदतीस येतात. 'समथिंग', 'एनिथिंग', 'एव्हरिथिंग' व 'नथिंग' या सर्वनामांत तर तो इतका विरघळून गेला आहे की त्याचे स्वतंत्र अस्तित्व जाणवत नाही.

सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात व्यक्ती सोडून जे जे काही आहे ते 'थिंग', अशा आशयाची व्याख्या दिली आणि हा एक सर्वसामान्य शब्द आहे असे म्हणून विषय संपविला. कोशकाराची अडचण समजण्यासारखी आहे. ज्याचा अर्थ 'काहीही' असा आहे त्याची व्याख्या करावयाची तरी कशी? तथापि इतिहासाच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे. 'काहीही' हा अर्थ शब्दास जन्मतः नसतो; तो मिळवावा लागतो. 'थिंग'ने तो कोठून व कसा मिळविला, आणि तो मिळविताना काय गमावले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. अर्थ मिळणे व अर्थ गळणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत व त्यांची कारणेही निरनिराळी असतात, हे या शब्दाच्या निमित्ताने स्पष्ट करावे, हा मुख्य हेतू आहे.

२

'थिंग' या शब्दाची इंग्रजीतील अगदी जुनी नोंद केंटचे राजे ह्लोथहेरे व एड्रिक यांच्या कायद्यांत आढळते. हे कायदे सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून, आज ते बाराव्या शतकातील 'टेक्स्टस रोफेन्सिस' या हस्तलिखितात उपलब्ध आहेत. तेथे एका माणसाने दुसऱ्यावर आरोप ठेवला असता त्याने त्यास सभेत किंवा 'थिंग'मध्ये गाठावे, अशा प्रकारची तरतूद आहे. म्हणजे येथे 'थिंग' ही वस्तू नसून न्यायनिवाड्यासाठी जमलेला लोकसमूह आहे.

केवळ सर्वांत जुनी नोंद या अर्थाची आहे म्हणून तो मूळ अर्थ ठरत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. कोणता लेख काळाच्या तडाख्यातून वाचला यावर नोंदींचा क्रम अवलंबून असतो. अर्थाचा क्रम ठरविण्यास भगिनीभाषांची साक्ष काढावी लागते. सुदैवाने या बाबतीत ती साक्ष विपुल व एकमुखी आहे. प्राचीन नॉर्स, प्राचीन उच्च जर्मन, प्राचीन सॅक्सन व फ्रिझियन या साऱ्या भाषांत हा शब्द सभा किंवा न्यायसभा या अर्थाने येतो. गॉथिक भाषेत त्याचा निकटचा आप्त 'थेइह्स' हा असून त्याचा अर्थ 'काळ' किंवा 'नियत वेळ' असा आहे. यावरून 'ठरलेल्या वेळी भरणारी सभा' असा अर्थ आरंभी असावा, असे अभ्यासक मानतात. जर्मन टोळ्यांच्या सभा अमावास्या किंवा पौर्णिमा अशा ठराविक दिवशी भरत, असे टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. त्याच्याशी हे जुळते. वेळेच्या नावावरून न्यायाच्या कामाचे नाव पडणे आपल्यालाही अपरिचित नाही. 'तारीख पडली' असे आपण म्हणतो, तेव्हा दिनदर्शिकेतील तारखेविषयी बोलत नसून कचेरीतील सुनावणीविषयी बोलत असतो.

या सभेला देवताही होती. उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या तटबंदीवर हाउसस्टेड्स येथे १८८३ मध्ये तिसऱ्या शतकातील लॅटिन शिलालेख सापडले. रोमन सैन्यात चाकरी करणाऱ्या फ्रिझियन शिपायांनी ते 'मार्स थिंग्सस' या देवास अर्पण केले आहेत. सभेचा रक्षणकर्ता युद्धदेव, असा त्या नावाचा अर्थ केला जातो. मंगळवारास जर्मन भाषेत 'डीन्स्टाग' व डच भाषेत 'डिन्सडाग' म्हणतात, ती नावे याच देवाच्या नावावरून आली असे बहुतेक अभ्यासक समजतात.

स्कॅन्डिनेव्हियन लोक जेथे जेथे गेले तेथे तेथे त्यांनी ही संस्था नेली. आइसलंडची 'आल्थिंग' ही सर्वसभा ९३० मध्ये थिंगव्हेट्लिर, म्हणजे 'सभेचे मैदान', येथे प्रथम भरली. १८०० मध्ये ती बंद पडली आणि १८४५ पासून रेकजाविक येथे पुन्हा भरू लागली. नॉर्वेच्या लोकसभेचे नाव 'स्टोर्टिंग', डेन्मार्कच्या लोकसभेचे नाव 'फोल्केटिंग'. आयल ऑफ मॅनची 'टिनवाल्ड', स्कॉटलंडमधील डिंगवॉल, शेटलंडमधील टिंगवॉल आणि इंग्लंडमधील मर्सी नदीकाठचे थिंगवॉल ही चारही नावे 'सभेचे मैदान' याच सामासिक शब्दाची रूपे आहेत.

३

सभेचा अर्थ वस्तूपर्यंत कसा पोहोचला? या दोन टोकांमधील पायऱ्या कल्पनेने भरून काढण्याची गरज नाही. त्या कागदोपत्री दिसतात. इटलीत स्थायिक झालेल्या लाँगोबार्ड लोकांचा राजा रोथारी याने ६४३ मध्ये लॅटिन भाषेत कायदे लिहवून घेतले. त्यांत 'थिंक्स' हा देशी शब्द तसाच ठेवला आहे आणि त्याचा अर्थ लोकांच्या साक्षीने विधिपूर्वक केलेले दान असा आहे. म्हणजे सभेचे नाव सभेत पार पडणाऱ्या कृत्यास मिळाले. प्राचीन इंग्रजीत 'थिंगियन' हे क्रियापद रदबदली करणे, तडजोड घडवून आणणे या अर्थाने येते. जर्मन भाषेत 'फेरटायडिगेन', म्हणजे बचाव करणे, हे क्रियापद सभेच्या नियत दिवसाचे वाचक असलेल्या जुन्या समासापासून झाले आहे, तर 'बेडिंगुंग', म्हणजे अट, हा शब्द करारमदारातून निघाला आहे.

सभा, सभेपुढे आलेला वाद, वादाचा विषय, कोणताही विषय, आणि अखेर कोणतीही वस्तू, असा हा क्रम आहे. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रत्येक पायरीवर लक्षणा आहे. 'मंच ओरडत आहेत' या वाक्यात मंच या शब्दाने मंचावरील माणसे कळतात, त्याचप्रमाणे 'सभा' या शब्दाने सभेपुढील प्रकरण कळू लागले. ही लक्षणा रूढ झाली की ती लक्षणा आहे याची जाणीव राहत नाही, आणि नवा अर्थ पुढल्या लक्षणेस आधार होतो.

एकाच कृतीत दोन पायऱ्या शेजारी शेजारी पाहावयाच्या असतील तर 'बेओवुल्फ' काव्यातील नायकाचे राजा ह्रोथगारपुढील भाषण पाहावे. हे काव्य इसवी सन १००० च्या सुमाराच्या हस्तलिखितात टिकून आहे. ग्रेंडेल या राक्षसाचे 'थिंग' आपल्या देशात कानी आले, असे नायक म्हणतो. तेथे अर्थ 'प्रकरण' असा आहे. पुढे जेमतेम पंधरा-सोळा ओळींनंतर आपण एकट्याने त्या राक्षसाशी 'थिंग' भरविणार आहोत, असे तो सांगतो. येथे शब्द सभेचा आहे आणि अभिप्राय द्वंद्वयुद्धाचा. ऐकणाऱ्यास दोन्ही अर्थ ठाऊक असल्याखेरीज त्या बोलण्यातील ठसका कळणार नाही.

हा प्रवास 'थिंग'चा एकट्याचा असता तर तो योगायोग म्हणता आला असता. परंतु तसे नाही. प्राचीन इंग्रजीतील 'साकू' म्हणजे भांडण किंवा दावा. त्याचेच आजचे रूप 'सेक' होय, आणि ते 'फॉर द सेक ऑफ', म्हणजे 'च्याकरिता', या प्रयोगापुरते उरले आहे. त्याचाच जर्मन भाऊ 'झाखे' याचा अर्थ मात्र वस्तू, बाब असा झाला. लॅटिन 'काउसा' म्हणजे कारण व न्यायालयातील दावा. त्याचे फ्रेंचमध्ये 'शोज' आणि इटालियन व स्पॅनिशमध्ये 'कोसा' झाले, व या तिन्ही भाषांत त्याचा अर्थ 'वस्तू' असा आहे. विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, या तिन्ही शब्दांना 'च्यासाठी' हा अव्ययसदृश अर्थही लाभला. लॅटिनमध्ये 'काउसा' हा शब्द षष्ठ्यन्त नामानंतर 'च्यासाठी' या अर्थाने येई. इंग्रजीत 'सेक' तसा येतो. आणि प्राचीन इंग्रजीत 'थिंग'च्या तृतीयार्थी अनेकवचनाचा 'माझ्याकरिता', 'माझ्या कारणाने' अशा प्रयोगांत उपयोग होत असे.

मिशेल ब्रेआल याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अर्थविचारावरील ग्रंथात अर्थसंकोच व अर्थविस्तार असे दोन भेद केले, आणि अर्थविस्ताराचे कारण इतिहासातील घडामोडींत असते असे प्रतिपादन केले. 'थिंग', 'सेक' व 'काउसा' यांच्या बाबतीत या मताला थोडी मुरड घालावी लागते. तीन शब्द व निरनिराळे समाज, पण वाट एकच. यावरून ही वाट कोण्या एका समाजाच्या घडामोडींनी आखलेली नसून वादविवादाच्या स्वरूपातच ती आहे, असे म्हणणे भाग पडते. जेथे अनेक जण एका विषयावर बोलतात पण त्या विषयाचे वर्णन कसे करावे याबद्दलच त्यांचे एकमत नसते, तेथे दोन्ही पक्षांना मान्य होईल असा निर्विकार शब्द लागतो. वादी ज्यास चोरी म्हणतो त्यास प्रतिवादी उसनवारी म्हणतो; निवाडा करणाऱ्यास 'हे प्रकरण' एवढेच म्हणावे लागते. सर्वसामान्यतेचा जन्म असा मतभेदाच्या पोटी होतो.

४

अर्थ मिळाल्याचा हा वृत्तांत झाला. आता अर्थ गळाल्याचा पाहू. आजच्या इंग्रजीत 'थिंग'चा अर्थ सभा असा होत नाही. असे का झाले? याचे सहज सुचणारे उत्तर असे की, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर न्यायसंस्थेची भाषा फ्रेंच झाली. 'कोर्ट', 'कौन्सिल', 'पार्लमेंट' हे शब्द आले आणि बेकार झालेला 'थिंग' वस्तूचा वाचक बनला. हे उत्तर आकर्षक असले तरी पुराव्याला उतरत नाही. एक तर 'प्रकरण' व 'वस्तू' हे अर्थ नॉर्मन विजयापूर्वीच्या इंग्रजीत भरपूर आढळतात. दुसरे म्हणजे, त्या काळीही सभेचा नेहमीचा शब्द 'थिंग' नसून 'गेमोट' हा होता. राजाच्या शहाण्या सल्लागारांच्या सभेस 'विटेनागेमोट' म्हणत. सभा या अर्थाचा 'थिंग' हा प्रायः जुन्या कायद्यांत व काव्यांत दिसतो. तेव्हा तो मागे पडला तो प्रथम घरच्याच प्रतिस्पर्ध्यामुळे. नॉर्मन विजयाने जर कोणास पदच्युत केले असेल तर 'गेमोट'ला. त्याचे अवशेष 'मूट' या रूपाने वादग्रस्त मुद्द्याच्या विशेषणात आणि आपल्याकडील विधिमहाविद्यालयांत भरणाऱ्या 'मूट कोर्टा'त आजही दिसतात.

स्कॅन्डिनेव्हियात काय झाले ते पाहिले म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. स्वीडिश भाषेत 'टिंग' म्हणजे वस्तू. आणि जिल्हा न्यायालयास आजही 'टिंग्सरेट' म्हणतात. डॅनिश व नॉर्वेजियन भाषांतही लोकसभा व वस्तू हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. तेथे नवा अर्थ आला, पण जुना गेला नाही. कारण ती संस्था, निदान तिचे नाव, टिकून राहिले. म्हणजे नवा अर्थ येण्यासाठी जुना जाण्याची गरज नसते. नव्या अर्थाचा उगम बोलणाऱ्यांच्या व्यवहारात असतो. जुन्या अर्थाचे आयुष्य मात्र संस्थांच्या आयुष्याशी बांधलेले असते.

इंग्रजीतही एका कोपऱ्यात सभा शिल्लक राहिली. नॉर्स 'हूसथिंग', म्हणजे राजाच्या वा सरदाराच्या घरातील सभा, हा शब्द अकराव्या शतकात इंग्रजीत आला. लंडनच्या एका जुन्या न्यायालयाचे नाव त्यावरून 'कोर्ट ऑफ हस्टिंग' असे पडले. पुढे निवडणुकीतील उमेदवार ज्या व्यासपीठावर उभे राहत त्यास 'हस्टिंग्स' म्हणू लागले. १८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आले व ती व्यासपीठे गेली. शब्द मात्र निवडणूक प्रचाराचा वाचक होऊन राहिला.

५

मराठी वाचकास या साऱ्या हकीकतीत काही ओळखीचे भासल्यास नवल नाही. 'थिंग'चे भाषांतर करताना आपण बहुधा 'गोष्ट' हा शब्द योजतो. हा शब्द संस्कृत 'गोष्ठी'पासून आला आहे. 'गोष्ठ' म्हणजे गायी उभ्या राहण्याची जागा. त्यापासूनच आपला 'गोठा' झाला. हा शब्द पुढे इतका सैल झाला की, म्हशींच्या जागेस 'महिषीगोष्ठ' आणि खुद्द गायींच्या जागेस 'गोगोष्ठ' अशी रूपे पाणिनीय परंपरेला नोंदवावी लागली. 'गोष्ठी' म्हणजे एकत्र जमलेले लोक. सांचीच्या दानलेखांत 'गोठी' हा शब्द मंडळ या अर्थाने येतो. 'कामसूत्रा'त नागरकांच्या गोष्ठीचे वर्णन आहे. जमलेल्या लोकांवरून त्यांचे संभाषण, संभाषणावरून त्याचा विषय, आणि विषयावरून एका बाजूस 'बाब' व दुसऱ्या बाजूस 'कथा', असा तिचा विस्तार झाला.

ध्वनिनियमानुसार 'ओष्ठ'चे ओठ होते तसे 'गोष्ठी'चे 'गोठी' व्हावयास हवे, आणि शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीत 'गोठी' हे रूप आढळतेही. आजचे 'गोष्ट' हे रूप संस्कृताच्या संपर्काने पुन्हा घडलेले अर्धतत्सम रूप होय. हिंदीत 'गोष्ठी' आजही विद्वानांची सभा दर्शविते, आणि 'थिंग'चे पुष्कळसे काम 'वार्ता'पासून झालेला 'बात' हा शब्द करतो. एकाच शब्दाचे हे दोन भाषांतील दोन भोग स्वीडिश व इंग्रजीच्या उदाहरणाची आठवण करून देतात. 'गोष्ठी' ही मूलतः न्यायसभा नव्हे, हा फरक मात्र विसरता कामा नये. तिचा प्रवास कज्ज्याच्या वाटेने न होता संभाषणाच्या वाटेने झाला, आणि म्हणूनच बहुधा तिला कथेचा अर्थ लाभला, जो 'थिंग'ला लाभला नाही.

कज्ज्याच्या वाटेची उदाहरणेही मराठीत आहेत. 'मुद्दा' हा अरबीतून आलेला शब्द मूळचा 'ज्यावर दावा सांगितला ते' या अर्थाचा. आज निबंधाचेही मुद्दे असतात. पंचांची सभा ती पंचायत. पण 'मोठी पंचाईत झाली' असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पंच नसतात, सुटत नसलेला पेच असतो.

६

या इतिहासाचा उपयोग कसा करू नये, हेही सांगितले पाहिजे. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर याने १९५० मध्ये 'डास डिंग' या व्याख्यानात प्राचीन जर्मन 'थिंग'चा सभा हा अर्थ पुढे करून, वस्तूचे वस्तुत्व एकत्र आणण्यात आहे, असे प्रतिपादन केले. ब्रुनो लातूर याने २००५ मध्ये त्याच व्युत्पत्तीच्या आधारे वस्तूंभोवती जमणाऱ्या राजकारणाची कल्पना मांडली. विचार म्हणून या प्रतिपादनांचे मूल्य काय ते तत्त्वज्ञांनी ठरवावे. परंतु शब्दाच्या मूळ अर्थात वस्तूचे सत्य दडलेले असते, हे गृहीतक भाषाशास्त्रास मान्य करता येत नाही. चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त या प्रश्नाचा निकाल लावून ठेवला आहे. 'कुशल' म्हणजे दर्भ आणणारा, म्हणून 'निपुण' या अर्थी तो शब्द लाक्षणिक होय, या मम्मटाच्या मतावर त्याचा आक्षेप असा की, शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे आणि प्रवृत्तीचे निमित्त वेगळे. तसे न मानले तर गमन करणारी ती गाय, म्हणून गाय निजली आहे हे वाक्यसुद्धा लाक्षणिक मानावे लागेल.

अलीकडच्या इंग्रजीत, विशेषतः तरुणांच्या बोलण्यात, एखाद्या नव्या चालीविषयी ती 'अ थिंग' आहे का, असे विचारण्याचा प्रघात पडला आहे. लोकांनी दखल घेतलेली, चार जणांत मान्य झालेली बाब, असा तेथे अर्थ असतो. यात जुन्या सभेचा पुनर्जन्म झाला असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलास आल्थिंग ठाऊक नसते. शब्दाच्या ठायीही स्मरणशक्ती नसते. स्मरण आहे ते लेखांत, कायद्यांत व गावांच्या नावांत. शब्द केवळ बोलणाऱ्यांच्या गरजेप्रमाणे वळतो, आणि माणसांच्या गरजा पुन्हा पुन्हा त्याच असल्यामुळे कधी कधी तो जुन्याच वाटेवर आलेला दिसतो.

तात्पर्य, शब्दाचा इतिहास लिहिताना दोन वह्या निरनिराळ्या ठेवाव्या: एकीत मिळालेल्या अर्थांची नोंद असावी व दुसरीत गळालेल्यांची. पहिलीचा उलगडा करण्यास इतर भाषांतील समांतर उदाहरणे उपयोगी पडतात. दुसरीचा उलगडा त्या त्या देशाच्या इतिहासावाचून होत नाही. या दोन वह्यांचा घोटाळा झाला की १०६६ सारखे एखादे ठळक साल सर्व बदलांचे कारण म्हणून पुढे येते. 'थिंग'सारखा कोणाचेही लक्ष वेधून न घेणारा शब्द हा भेद स्पष्ट करून दाखवितो, हे त्याच्या अभ्यासाचे पुरेसे प्रयोजन होय. 'गोष्ट', 'बाब', 'प्रकरण', 'मुद्दा' आणि 'पंचाईत' या मराठी शब्दांच्या अशाच दोन वह्या मांडण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे.